दहापैकी चार

'हात फार लांब. प्रमाण चुकले. पुन्हा काढणे.'

एवढं लिहून मी लाल पेन्सिलीनं त्या हातावर एक आडवी काट मारली, खाली दहापैकी चार असा आकडा टाकला, त्याला गोल केला आणि वही मिटायला गेलो. वही मिटेना. पान जाड होतं आणि पुठ्ठ्याजवळची शिवण ताठ होती. आमच्या मुलांच्या वह्या तर दोन महिन्यांत पिंजून जायच्या.

साल एकोणीसशे त्र्याऐंशी, सप्टेंबरचा पहिला आठवडा, बुधवारची संध्याकाळ. भोरच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होतो. एलिमेंटरीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि परीक्षेला बसणाऱ्या सत्तेचाळीस मुलांच्या वह्यांचा ढीग माझ्या टेबलावर होता. स्मरणचित्रासाठी त्या आठवड्यात विषय दिला होता 'पंगत'. त्यामुळे त्या संध्याकाळी मी पंगतीमागून पंगती तपासत होतो. कुणाच्या पंगतीत माणसांपेक्षा पत्रावळी मोठ्या, कुणाचा वाढपी हवेत तरंगणारा, एकानं तर सगळ्या जेवणाऱ्यांच्या पाठीच काढल्या होत्या, कारण त्याला तोंडं जमत नसत. त्याला मी सहा दिले. अडचणीतून वाट काढण्याचे.

माझी एक पद्धत होती. वही मागून उघडायची आणि रंगवलेलं पहिलं पान लागेल ते तपासायचं. वेळ वाचतो. ही वहीही तशीच उघडली होती. खाकी कागदाचं कव्हर, त्यावर चौकोनी लेबल, लेबलावर 'ढमाले' एवढं वाचलं. आठवी ब मधली नंदा ढमाले. हुशार मुलगी, रंग जरा पाणचट लावायची. हे चित्रही फिकटच होतं. जेवणघरात दोन ओळी बसलेल्या, एक आतल्या भिंतीशी, दुसरी बाहेरच्या दाराच्या उंबऱ्यालगत. उंबऱ्याकडच्या एका मुलीचा उजवा हात अख्खं जेवणघर ओलांडून, मधे वाकलेल्या वाढपी बाईच्या डोक्यावरून, थेट भिंतीकडच्या एका मुलीच्या ताटापर्यंत पोचला होता. आठवीची मुलं हात लांब काढतातच. हा मात्र फारच लांब होता.

वही मिटेना म्हणून मी ती दिव्याखाली सरकवली. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बारीक शाईनं लिहिलं होतं : 'अनूस, मार्थाकडून. ता. १२ मार्च १९३१.'

मी मागची पानं उलटली. मोर. तांब्या-भांडं. आंब्याचा टहाळा. तुळशीपाशी बसलेली मांजर. प्रत्येक चित्राखाली वेगळं अक्षर आणि दोन ओळी. एकीनं लिहिलं होतं, 'तू उत्तरेस, मी दक्षिणेस, पत्र धाडी दर पौर्णिमेस.' अगदी पहिल्या पानावर वळणदार अक्षरात मालकिणीची सूचना होती : 'ही वही अनसूया ढमाले हिची. मैत्रिणींनी एकेक चित्र काढावे व दोन ओळी लिहाव्यात. एकीने दुसरीच्या पानास हात लावू नये.'

बावन्न वर्षं तो नियम पाळला गेला होता. तो मी मोडला, आणि वर दहापैकी चार दिले.

अनसूया ढमाले म्हणजे भोरच्या 'बाई'. मी गावात नवा, चारच वर्षांचा, पण मलाही त्या ठाऊक होत्या. गावातल्या निम्म्या लोकांना अक्षरं त्यांनी गिरवायला लावलेली. तहसील कचेरीतला शिपाईही त्या दिसल्या की सायकलवरून उतरायचा. नंदा त्यांच्या भावाची नात. घाटाकडच्या वाडीवर चौथीपुढं शाळा नव्हती म्हणून ती बाईंकडे राहून शिकत होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच नंदा चित्रकलेच्या वर्गाच्या दाराशी उभी होती. वेणीची एक रिबन सुटलेली.

"सर, माझी वही तपासली का?"

"का गं?"

"सर, ती माझी नाही. चुकून बाईआजींची आणली मी. बाईआजी दर जूनला आमच्या वह्यांना कव्हरं घालतात ना, तेव्हा त्यांच्या त्या वहीलासुद्धा घालतात. सारखंच कव्हर, सारखंच लेबल. परवा त्या कपाट आवरत होत्या, सगळ्या वह्या एकाच बाकावर काढलेल्या. मला उशीर झाला होता म्हणून वरची उचलली."

"बाईंना कळलंय?"

"नाही. त्या रोज काढत नाहीत ती." तिनं सुटलेली रिबन बोटाला गुंडाळली. "पण रविवारी मार्थाआजी येणारेत मिरजेहून. दर वर्षी येतात. पोहे खाऊन हात धुतले की चहासुद्धा नंतर, आधी वही. सर, बाईआजींनी बजावलंय, त्या वहीला हात लावायचा नाही. कळलं तर मला वाडीवर पाठवतील."

"ती घरी आहे माझ्या. उद्या देतो."

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

ती वळली, आणि पुन्हा मागं वळून म्हणाली, "सर, तुम्ही बघितली का? छान आहेत ना चित्रं?"

"छान आहेत," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी बेकरीतून शिळा पाव आणला. चित्रकाराच्या घरात पाव खाण्यापेक्षा खोडायला जास्त लागतो. शिळ्या पावाचा चुरा अलगद फिरवला की कागदाला न दुखवता पेन्सिल निघते. पण लाल पेन्सिलीत मेण असतं. चाराचा आकडा पुसट झाला आणि त्याजागी गुलाबी डाग पसरला. शेऱ्यातली अक्षरं तशीच. हातावरच्या काटेपाशी चुरा फिरवला तर लालीबरोबर जुना रंगही थोडा सुटून आला. तिथं मी थांबलो.

थांबलो, म्हणजे दुसरा विचार करू लागलो. माझ्याकडे बारीक कुंचला होता, पांढरा रंग होता, हात बऱ्यापैकी चालत होता. शेऱ्यावर कागदाच्या रंगाचा पातळ थर द्यायचा, बाहीवर तो जुना फिकट निळा मिसळून लावायचा, हात पुन्हा काढायचा. सत्तरीच्या दोन बायका, अधू नजरा. कुणाला कळणार होतं? आणि काढायचाच आहे तर तो हात योग्य लांबीचाही करता येईल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. हे लिहिताना आज हसू येतं. तेव्हा मी मोठ्या गांभीर्यानं रंग कालवायला घेतला होता.

माझी बायको कमल पोळ्या करून हात पुसत आली. टेबलावरचा चुरा बघून म्हणाली, "हे काय, मुंग्यांना जेवण घातलंय?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं वही दुरूनच पाहिली.

"मग ही दुरुस्ती चाललीय की लपवालपवी?"

"दुरुस्तीच."

"मग बाईंना विचारून करा की," असं म्हणून ती पोळ्या झाकायला गेली.

मी कुंचला धुऊन ठेवला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी बाईंकडे गेलो. पिठाच्या गिरणीमागं त्यांच्या दोन खोल्या होत्या. गिरणी चालू असली की तिथली हवाच पांढरी असायची. बाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. उंच, सडपातळ बाई, केस अगदी पांढरे, पण पाठ फळ्यासारखी सरळ.

"या, पांचाळ सर. नंदीनं काही केलं का?"

"नाही बाई, मी केलंय," असं म्हणून मी वही त्यांच्यापुढं ठेवली, आणि घडलं ते सांगितलं. ढीग, 'पंगत' हा विषय, मागून वही उघडायची पद्धत, पावाचा चुरा, सगळं. फक्त हात पुन्हा काढायचा विचार आला होता, ते सांगायचं धैर्य झालं नाही.

त्यांनी सूप बाजूला केलं, हात पदराला पुसले आणि वही उघडली. ती नेमकी शेवटच्या चित्रावरच उघडली, इतकी सवयीची. पान कडेनं धरून त्यांनी शेरा वाचला. गिरणीचा पट्टा तेवढा फटफट वाजत होता.

"तुम्ही हे पान वाचलंत, की नुसतं तपासलंत?"

"तपासलं."

"हं." त्यांनी वही मिटली. "गेल्या बावन्न वर्षांत मी या पानावर बोटसुद्धा ठेवलेलं नाही. रंग उतरेल म्हणून कडेनं धरते."

"बाई, मला क्षमा करा," मी म्हणालो.

"माझी क्षमा मागून उपयोग नाही, सर. वही माझी आहे, पान माझं नाही. ते मार्थाचं आहे. हे एक पान बघायला ती या वयात दोन गाड्या बदलून येते. रविवारी दहाला या. तिला तुम्हीच सांगा." मग आवाज न वाढवता त्या म्हणाल्या, "नंदे, बाहेर ये. दाराआडून ऐकू येतं, पण दिसत नाही."

नंदा आली. नाक लाल झालेलं.

"सर कबूल करायला आले. तू कधी येणार होतीस?"

"उद्या."

"उद्याचा उद्या रविवार. बरा मुहूर्त काढला होतास."

"बाईआजी, मला वाडीवर पाठवू नका."

"कोण पाठवतंय? मग इथली भांडी मी घासू?" बाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तुझ्या वह्यांची कव्हरं बदल. निळा कागद आण. खाकी माझ्यापुरता राहू दे."

नंदाचं तेवढ्यावर भागलं. माझं रविवारवर राहिलं. शनिवारी मला काही सुचलं नाही. वर्गात मुलांना वस्तुचित्राला सुरई आणि दोन पेरू मांडून दिले आणि तास संपेपर्यंत एक पेरू गेला, हेही माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या चुकीनं एखाद्या मुलाचं चित्र बिघडलं तर मी त्याला दुसरा कागद देत असे. इथं दुसरा कागद कुठून आणणार होतो? डोळ्यांपुढं सारखं यायचं ते एकच : दोन गाड्या बदलून आलेली एक म्हातारी वही उघडते आणि तिथं माझे लाल चार.

रविवारी दहाला गेलो. गिरणी बंद होती, हवा स्वच्छ होती. आत भिंतीला टेकून एक ठेंगणी, सावळी, गोल चेहऱ्याची बाई पोहे खात बसली होती. निळ्या काठाचं पांढरं पातळ, शेजारी मोठी काळी पर्स. मला बघून तिनं मोठ्यानं विचारलं, "हा कोण गं, अनू? नंदीला एवढ्यात स्थळ बघितलंस की काय?"

"काहीतरी बोलू नकोस. तिचे चित्रकलेचे सर आहेत. दोन मुलांचे बाप."

"मग उभे का? बसा, मास्तर. पोहे खा. हिच्या हातचे आहेत, मीठ वरून घ्या."

"तुझी जीभ गेलीय, मार्था. मीठ बरोबर आहे."

"एकतीस साली पण हेच म्हणायचीस."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

"मार्थाबाई, तुमच्या पानावर मी शेरा मारलाय. मुलीची वही समजून तपासली. खोडायला गेलो, त्यानं आणखी बिघडलं. माझं चुकलं."

मार्थाबाईंचा घास तोंडातच राहिला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. मार्थाबाईंनी बशी खाली ठेवली, नंदानं आणलेल्या पाण्यानं हात धुतले, नीट पुसले आणि म्हणाल्या, "वही दे."

त्यांनी वही अगदी डोळ्यांपाशी नेली. मग थोडी लांब धरली. मग उजेडाकडे तिरकी केली. चित्राच्या कडेनं त्यांचं बोट फिरलं आणि काटेपाशी थांबलं. नंदा माझ्या मागं येऊन उभी राहिली होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"काय लिहिलंय? मला बारीक वाचता येत नाही आता."

मी वाचून दाखवलं. "हात फार लांब. प्रमाण चुकले. पुन्हा काढणे."

"आणि हा गुलाबी डाग?"

"तिथं मार्क होते. पुसायला गेलो."

"किती?"

"दहापैकी चार."

"चार?" त्यांनी वही मांडीवर आपटली. "ऐकलंस का, अनू? चार! ट्रेनिंगला आमच्या ड्रॉइंगच्या बाईंनी मला कधी तीनच्या वर दिले नाहीत." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, नंदानं पाठीवरून हात फिरवला, तरी थांबेनात. "आणि मास्तर, तुम्हाला वाटलं कुणी काढलंय?"

"आठवीतल्या मुलीनं."

"बघ! मी आठवीतली!"

बाई हसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हसण्यावारी नेऊ नकोस. यांना सांग तो हात लांब का आहे ते."

"तूच सांग. तुझी वही."

बाईंनी नंदाला समोर बसवलं, मलाही बसायची खूण केली. मग चौथीच्या वर्गाला धडा समजावून द्यावा तशा सावकाश बोलू लागल्या.

"मी पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा सतरा वर्षांची होते. नवरा लहानपणीच गेलेला, म्हणून नाव माहेरचंच राहिलं. आमच्या आळीतून घराबाहेर शिकायला गेलेली पहिली मीच. तिथल्या वसतिगृहाच्या जेवणघरात ओळी ठरलेल्या असत. कुणी कुठं बसायचं ते आडनावावरून ठरे. मी भिंतीशी. ही ख्रिस्ती, म्हणून उंबऱ्याशी. मधे आठ हातांचं अंतर. पहिला महिनाभर मला घास उतरत नव्हता. घरची आठवण, दुसरं काय! आमच्या ओळीत कुणाच्या ते लक्षात आलं नाही. हिच्या आलं, आठ हातांवरून."

"नुसती ताटाकडे बघत बसायची," मार्थाबाई म्हणाल्या. "भात कोरडा, डोळे ओले."

"हिच्या आईनं कारळ्याची चटणी पाठवली होती. ही मला विहिरीमागं गाठायची आणि चटणीची डबी द्यायची. मी ती पदराखाली घेऊन यायची. त्या चटणीवर मी जेवायला लागले. पण पंगतीत मी हिच्याकडे मान वर करून पाहत नसे. कळलं असतं तर मलाही उंबऱ्याशी बसवलं असतं. मला भीती वाटायची."

"मग हे चित्र?" नंदानं विचारलं.

"डबी विहिरीमागं द्यायचे ती चित्रात मी पंगतीत दिली," मार्थाबाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या देखत. आता तुम्हीच सांगा मास्तर, प्रमाणात काढला असता तर हात पोचला असता का?"

मी पुन्हा ते चित्र पाहिलं. त्या लांब हाताच्या टोकाला, ताटावर धरलेली एक इवलीशी पितळी डबी होती. तपासताना ती मला दिसलीच नव्हती. मी फक्त हात मोजला होता.

"अजून राहिलंय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला. "ही वही बावीस जणींकडे फिरली. हिच्याकडे मी अगदी शेवटी दिली. निघायच्या आदल्या दिवशी. आधी दिली असती तर हिच्यानंतर बाकीच्यांनी वहीला हात लावला नसता. म्हणून हिचं पान शेवटचं. मार्था, हे मी तुला कधी सांगितलं नाही."

"मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. वही हातात आली तेव्हा मागं एवढीच कोरी पानं होती. मला मोजता येत नाही का?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. हे काय." त्यांनी चित्रावर बोट ठेवलं, अगदी मधोमध, जिथं बाई कधी बोट ठेवत नव्हत्या. "खरं सांगू का, अनू? पोचायला लागत होता त्याच्यापेक्षा हात जरा जास्तच लांब काढलाय मी. मुद्दाम. राग होता थोडा. म्हटलं, हिला जन्मभर बघू दे."

बाईंनी चष्मा काढला. "मी आजवर समजत होते, प्रेमानं काढलायस."

"प्रेमानंच. प्रेमानं आठ हात आणि रागानं दोन." मार्थाबाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे प्रमाण चुकलंच होतं. मास्तर बरोबर आहेत."

आधी नंदा फिसकन हसली, मग मी, आणि मग बाईसुद्धा. डोळे पुसत, चष्मा शोधत त्या हसल्या. नंदानं तो त्यांच्या हातात दिला. "मांडीवरच होता, बाईआजी."

"एवढं मनात होतं, आणि बावन्न वर्षं येऊन माझे पोहे खातेस?"

"अळणी पोहे. मीही सोसलंय काही."

चहा झाला. मला वाटलं, आता उठावं. पण मार्थाबाईंनी वही सोडली नव्हती.

"शेरा काय आहे, मास्तर?"

"कुठला? तो आता..."

"'पुन्हा काढणे.' असाच आहे ना? पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, शेरा वाचून सोडायचा नसतो, पाळायचा असतो. नंदे, रंगाची पेटी आण. आणि ब्रश बारीक आण, तुझा झाडू नको."

त्यांनी समोरचं कोरं पान उघडलं. स्वतःच्या आणि बाईंच्या मधे पाट ठेवून त्यावर वही ठेवली, आणि काढायला घेतलं. रेघ सुरू होताना वळायची, मग सरळ व्हायची, आणि टोकाला पुन्हा वळायची. मी शेजारी बसून होतो. माझी बोटं शिवशिवत होती, पण मी ती मांडीखाली दाबून ठेवली होती. मुलं काढत असताना मधे हात घालायची माझी सवय तिथं सुटली म्हणालात तरी चालेल.

तासभर लागला. मधे नंदानं दोनदा पाणी बदललं. बाई तांदूळ निवडायच्या निमित्तानं बसल्या होत्या, पण त्या सुपात खडा कमी आणि वहीत जास्त बघत होत्या.

चित्रात ओळी नव्हत्या. भिंत नव्हती, उंबरा नव्हता. एका सतरंजीवर दोन बायका खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, एक उंच, एक बुटकी, आणि दोघींत मिळून एक ताट. बुटक्या बाईचा हात कोपरात जेमतेम वाकला होता आणि तेवढ्यातच ताटाला पोचला होता.

"आता एवढाच पुरतो," मार्थाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ब्रश पाण्यात सोडला. मग वही उचलून माझ्या पुढ्यात ठेवली. "तपासा."

"मार्थाबाई, यात मी काय तपासणार?"

"असं कसं? न तपासता वही परत द्यायची नसते. पोराला वाटतं आपलं कुणी बघितलंच नाही. तुम्ही शिक्षक ना?"

मी वही घेतली. या वेळी घाई केली नाही. सतरंजीचे पट्टे पाहिले. ताट पाहिलं, त्यातला भात, भाताच्या बाजूला काळा ठिपका, ती चटणी असणार. बुटक्या बाईच्या कानातला खडा पाहिला. उंच बाईचा चेहरा पाहिला. केस पांढरे केले होते, पण चेहरा गोल, कोवळा, सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचा. मग मान वर करून समोर बसलेल्या बाईंकडे पाहिलं, आणि पुन्हा चित्राकडे.

"अनसूयाबाईंचा चष्मा राहिलाय," मी म्हणालो.

"चष्मा?" मार्थाबाईंनी मैत्रिणीकडे पाहिलं, जणू आत्ताच दारातून ती आत आली होती. "अगं बाई! तुला चष्मा कधी लागला?"

"वीस वर्षं झाली."

"आणि मला दर वर्षी दिसतो कसा नाही!" त्यांनी माझ्या हातून वही ओढून घेतली, पाण्यातला ब्रश झटकला, त्या कोवळ्या चेहऱ्यावर दोन वेडेवाकडे गोल काढले, मधे एक दांडी जोडली आणि वही पुन्हा माझ्याकडे सरकवली.

"आता?"

"आता बरोबर आहे," मी म्हणालो.